सोलापूर : गिरण्यांचें शहर आणि मागांचें शहर

उद्योगाच्या बळावर वाढलेल्या शहराचा इतिहास बहुधा पहिल्या चिमणीपासून सुरूं होतो आणि शेवटची चिमणी थंड झाली कीं संपतो. सोलापूरच्या बाबतींत ही रीत फसवी ठरते. या शहरांत कापडाची पहिली गिरणी चालूं झाली ती १८७७ सालीं. तीच, सर्वांत मोठी, कायमची बंद पडली ती १९६३ सालीं. आणि तिच्या मागून उरलेल्याही विसाव्या शतकाच्या अखेरीस व नव्या शतकाच्या आरंभीं एकामागून एक निमाल्या. परंतु माग गिरणीच्या आधीं होता, गिरणीच्या भरभराटींतही चालूच होता, आणि गिरणी गेल्यावरही शहराच्या पूर्व भागांतला त्याचा खडखडाट थांबला नाहीं. तेव्हां सोलापूर बुडालें कीं तरलें, या प्रश्नाचें उत्तर गिरणीचा आणि मागाचा हिशेब वेगवेगळा मांडल्यावांचून मिळण्यासारखें नाहीं.

सोलापूरचें पठार मुळांत कोरडें. भीमा आणि सीना यांच्या खोऱ्यांत असूनही येथें पावसाचा भरवसा नाहीं. ज्वारी हें मुख्य पीक आणि दुष्काळ हा नेहमींचा पाहुणा. गांवाची जागा मात्र मोक्याची. मराठी, कानडी आणि तेलुगु या तीन भाषांचे प्रदेश येथें एकमेकांस भिडतात, आणि त्यामुळें धान्य, कापूस व कापड यांची उलाढाल करणारी बाजारपेठ म्हणून गांवाची ख्याति जुनी. श्रीसिद्धरामेश्वरांच्या स्मृतीशीं निगडित असलेला तलाव आणि त्याच्या काठचा भुईकोट किल्ला हीं गांवाचीं दोन जुनीं स्थानें. १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोच्या फौजेनें हा किल्ला घेतला, आणि पेशवाईच्या शेवटच्या झुंजींपैकीं एक येथें संपली. तट पडले, सत्ता बदलली. पेठेंतले माग मात्र चालत राहिले.

हे माग साळी, कोष्टी आणि मोमीन यांच्या घरीं होते. एकोणिसाव्या शतकांत त्यांच्या जोडीस निजामाच्या राज्यांतील तेलंगणांतून पद्मशाली विणकर येऊं लागले. कोणी दुष्काळानें हुसकला, कोणी बाजाराच्या आशेनें आला. येतांना त्यांच्याजवळ द्रव्य नव्हतें, परंतु बोटांत कसब होतें. शहराच्या पूर्वेस त्यांची वस्ती वसली, मार्कंडेयाचें मंदिर उभें राहिलें, आणि श्रावणी पौर्णिमेस निघणारी मार्कंडेयाची रथयात्रा गांवाचा सण बनली. विणकराच्या घरांत माग हें घराचेंच एक माणूस असे. पुरुष धोटा फेंकी, बायका कांड्या भरीत, सुतास खळ देण्याचें आणि ताणा लावण्याचें काम सगळें घर मिळून करी. नऊवारी लुगडीं, खण, फेटे हा त्यांचा मुख्य माल. विलायती कापडाच्या लोंढ्यांत देशांतील कित्येक विणकर-पेठा उजाड झाल्या. सोलापूरची पेठ तगली, कारण दक्षिणेंतील स्त्रियांस हवें असलेलें विशिष्ट कांठाचें, विशिष्ट रंगाचें लुगडें मँचेस्टरच्या यंत्रांस तितक्या सहजासहजीं साधत नसे.

गांवाचें शहर केलें तें आगगाडीनें. जी. आय. पी. रेल्वेचा फांटा १८६० सालीं पुण्याहून सोलापुरास पोंचला आणि १८७१ सालीं तो पुढें रायचुरापर्यंत गेला. याच सुमारास अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें. तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव भडकले. मुंबईंत त्या पैशाचा पूर आला व ओसरला. परंतु कापूस, आगगाडी आणि भांडवल यांची सांगड कशी घालावी याचा धडा व्यापाऱ्यांस मिळाला. सोलापुरांत तर विणकरांची मोठी पेठ आधींच होती, आणि तिला सूत हवें होतें. गांवाजवळ हिप्परगा येथें एकरूखचा मोठा तलाव १८७१ च्या सुमारास बांधून झाला होता. अशा स्थितींत मुंबईचे प्रसिद्ध व्यापारी मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें १८७४ सालीं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली आणि १८७७ मध्यें तिची गिरणी चालूं झाली. हीच पुढें 'जुनी गिरणी' म्हणून तोंडोंतोंडीं झाली.

१८७७ हें साल विसरण्यासारखें नाहीं. १८७६ ते १८७८ या काळांतल्या भीषण दुष्काळाचें तें मधलें वर्ष. भोंवतालच्या खेड्यांतून माणसें पोटासाठीं बाहेर पडत होतीं, आणि त्याच वेळीं शहरांत गिरणीचा दरवाजा उघडला. सोलापूरच्या कामगारवर्गाचा जन्म असा दुष्काळाच्या पोटीं झालेला आहे. गिरणींत येणारा मनुष्य शहराच्या ओढीनें आलेला नव्हता. शेतानें दगा दिला म्हणून तो आलेला होता. पाऊस बरा झाला कीं तो पेरणीस परत जाई आणि पुन्हां दुष्काळ पडला कीं परत येई. गिरणीमालकांस मजुरांची वाण कधीं पडली नाहीं, आणि मजुरी वाढविण्याची निकडही त्यामुळें फारशी वाटली नाहीं.

एका गिरणीच्या यशानें दुसऱ्यांस हुरूप आला. १८९८ च्या सुमारास लक्ष्मी आणि नरसिंग गिरजी या गिरण्या निघाल्या; पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विष्णु गिरणी आणि नवानगरच्या जामसाहेबांचें, म्हणजे क्रिकेटपटु रणजितसिंहांचें, नांव धारण करणारी जाम गिरणी यांची भर पडली. १८८१ मध्यें शहराची वस्ती सुमारें साठ हजार होती. ती भराभर वाढत गेली. पहाटेच्या भोंग्यानें शहर उठूं लागलें. त्रासनखातें, साळखातें, जॉबर, बदली असे शब्द घराघरांत रुळले. गिरणी आणि माग एकमेकांचे वैरी होते, असा जो समज आहे तो येथें पुरता खरा नाहीं. गिरणीचें सूत हातमागवाल्याच्या घरीं जात असे; गिरणी जाडेंभरडें कापड विणी, हातमाग कांठापदराचें लुगडें विणी. दोघांचीं गिऱ्हाइकें वेगळीं होतीं, आणि एकाच्या वाढीनें दुसऱ्याचें पोट भरत होतें.

या भरभराटीला काळी बाजूही होती. सरकारनें 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारलेल्या लोकांसाठीं सोलापुरांत कांटेरी तारांच्या कुंपणाची वसाहत उभारण्यांत आली. तेथील स्त्रीपुरुषांस हजेरी देऊन गिरणींत कामावर जावें लागे आणि काम संपल्यावर पुन्हां कुंपणांत परतावें लागे. सुधारणेच्या नांवाखालीं गिरण्यांस बांधील मजूर मिळत होते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. परंतु 'सेटलमेंट' हें नांव शहरांतल्या त्या भागाला चिकटून राहिलें.

अशा रीतीनें तीन-चार भाषा बोलणारी, अनेक जातिधर्मांची, पण एकाच भोंग्यावर चालणारी वस्ती तयार झाली. या वस्तींत काय ताकद होती, तें १९३० च्या मे महिन्यांत दिसलें. गांधीजींच्या अटकेची वार्ता येतांच शहर पेटून उठलें. शिंदीचीं झाडें तोडण्याच्या सत्याग्रहावरून ८ मे रोजीं पोलिसांशीं चकमक झाली, गोळीबार झाला, चौक्या आणि कचेरी जळाली. आणि कांहीं दिवस सरकारी अंमल शहरांतून नाहींसाच झाला. १२ मे पासून जूनअखेर तेथें मार्शल लॉ होता. पुढें १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांस येरवड्याच्या तुरुंगांत फांसावर चढविण्यांत आलें. या चार नांवांकडे नुसती नजर टाकली तरी सोलापूर ही केवळ कामगारांची छावणी नसून एक शहर झालें होतें, हें पटतें.

परंतु या शहराचें नशीब ठरविणारी खुर्ची शहरांत नव्हती. जुन्या गिरणीचे व्यवस्थापक मुंबईस बसत. नरसिंग गिरजी गिरणीचें नांव हैदराबादेच्या सावकार घराण्याचें. त्या काळच्या हिंदी गिरण्या 'मॅनेजिंग एजंट' पद्धतीनें चालत. कंपनी भागधारकांची, परंतु कारभार एका पेढीकडे. आणि त्या पेढीचें कमिशन पुष्कळदां नफ्यावर नसून उत्पादनावर किंवा विक्रीवर आकारलेलें. गिरणी तोट्यांत असली तरी माल निघाला कीं पेढीचा वांटा सुटे. नफा झाला तर लाभांश वांटावा कीं जुना सांचा काढून नवा बसवावा, हें मुंबईंत ठरे. त्याचें फळ सोलापुरांतल्या चाळींत भोगावें लागे.

हा पैसा वाईट कामांत गेला असें नव्हे. मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी आणि खुद्द सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं मिळून १९१९ सालीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजीं 'लॉयल्टी' हें जहाज विलायतेच्या वाटेला लागलें. परकी मक्तेदारीस दिलेलें तें एक स्वदेशी आव्हान होतें. वालचंदांनीं पुढें जहाजबांधणी, विमान आणि मोटार या धंद्यांत पाऊल टाकलें. विशाखापट्टण, बंगलोर आणि मुंबई या शहरांस त्यांच्या कर्तृत्वाचा लाभ झाला. ज्या गांवानें हा पुरुष दिला त्या गांवीं मात्र यंत्रें बनविणारा, रंग-रसायनें तयार करणारा असा कापडाला पूरक धंदा त्या प्रमाणांत उभा राहिला नाहीं. सोलापूरनें माणसें आणि पैसा बाहेर पाठविला. बदल्यांत त्याच्याकडे कामाचे तास राहिले.

दुसऱ्या महायुद्धानें हें दुखणें झांकलें आणि वाढविलें. १९३९ ते १९४५ पर्यंत कापडाला अमाप मागणी होती. यंत्रें रात्रंदिवस फिरलीं आणि झिजलीं. नवीं यंत्रें परदेशांतून येणें दुरापास्त होतें. युद्ध संपलें, आणि १९४७ च्या फाळणींत चांगल्या कापसाचा मोठा मुलूख पाकिस्तानांत गेला. महाग कापूस, जुनीं यंत्रें आणि ढिला कारभार या तिहींच्या कात्रींत जुनी गिरणी सांपडली. २७ ऑगस्ट १९४९ रोजीं तिचे दरवाजे बंद झाले.

त्यानंतर जें घडलें त्यानें हें प्रकरण सोलापूरच्या वेशीबाहेर गेलें. गैरव्यवस्थेमुळें आवश्यक मालाचें उत्पादन थांबलें आणि बेकारी माजली, या कारणासाठीं हिंदुस्थान सरकारनें ९ जानेवारी १९५० रोजीं वटहुकूम काढून एकट्या या कंपनीचा कारभार ताब्यांत घेतला. मागाहून त्याच अर्थाचा कायदा झाला. प्रजासत्ताकाची घटना अमलांत येण्यास तेव्हां अवघे सतरा दिवस उरले होते. एका भागधारकानें नव्या सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. समतेचा मूलभूत हक्क याचा अर्थ काय, याविषयींचा पहिला मोठा निर्णय त्या खटल्यांत १९५० च्या डिसेंबरांत लागला, आणि बहुमतानें सरकारचा कायदा टिकला. दुसरा खटला द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाचा. सरकारनें नेमलेल्या संचालकांनीं त्याच्या भागांची उरलेली रक्कम मागितली, तेव्हां त्यानें सगळ्या व्यवस्थेलाच आव्हान दिलें. १९५३ च्या डिसेंबरांत न्यायालयानें निर्णय दिला कीं, मोबदला न देतां असा कारभार ताब्यांत घेणें म्हणजे मालमत्ता हिरावून घेणेंच होय. अशा निर्णयांमुळें संसदेनें १९५५ सालीं घटनेची चौथी दुरुस्ती केली आणि लोकहितासाठीं मर्यादित काळपर्यंत एखाद्या मालमत्तेचा कारभार हातीं घेण्याची मुभा सरकारला मिळवून दिली. मालमत्तेचा हक्क मोठा कीं हजारों घरांची रोजी मोठी, हा प्रश्न भारतीय कायद्यापुढें प्रथम ठळकपणें उभा राहिला तो सोलापूरच्या एका बंद दरवाजापाशीं.

कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात. गिरणीला मात्र त्यापासून आयुष्य मिळालें नाहीं. मालक बदलून, सरकार येऊन-जाऊन, कर्ज काढून गिरणी कांहीं वर्षें खुरडत चालली आणि १९६३ मध्यें निमाली. यांतून मिळणारा बोध कठोर आहे. कारभार कोणाच्या हातीं आहे, यावर न्यायालयांत वर्षें गेलीं. यंत्रें कोणत्या काळांतलीं आहेत, हा प्रश्न तसाच राहिला. लक्ष्मी, विष्णु आणि नरसिंग गिरजी यांच्या वांट्यास तोच प्रकार थोड्याफार फरकानें आला. नरसिंग गिरजी पुढें सरकारी महामंडळाकडे गेली. त्या काळांत देशाचें धोरणही मोठ्या गिरण्यांनीं माग वाढवूं नयेत असेंच होतें. सूत गिरणीनें काढावें आणि कापड लहान यंत्रमागावर विणलें जावें, असा धंद्याचा कल पडत गेला. १९८२ सालच्या मुंबईच्या संपानंतर तो अधिकच पक्का झाला. सोलापूरच्या शेवटच्या भोंग्यांचे आवाज पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत थांबले. पहाटे उठवणारें कोणी राहिलें नाहीं, असें जुन्या कामगारांस वाटलें असेल, तर त्यांत नवल नाहीं.

येथें मागाचा हिशेब मांडला पाहिजे. गिरणी उतरणीस लागली त्याच काळांत पूर्व भागांतल्या विणकरांनीं हातमाग सोडून यंत्रमाग घेतले. लुगड्याची मागणी घटत चालली हें त्यांनीं वेळीं ओळखलें आणि चादरीकडे मोर्चा वळविला. जॅकार्डच्या छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मदतीनें दोन रंगांची, दोन्ही अंगांनीं वापरतां येणारी, वर्षानुवर्षें न विटणारी सुती चादर सोलापूरनें काढली आणि तिनें महाराष्ट्राच्या घराघरांत जागा मिळविली. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर या यात्रास्थानांस जाणारा येणारा यात्रेकरू सोलापूरच्या स्टेशनांतून एक चादर खांद्यावर टाकूनच परते. मुलीच्या लग्नांतल्या आहेरांत, वसतिगृहास निघालेल्या मुलाच्या वळकटींत, रुग्णालयाच्या खाटेवर ती असे. पुढें टेरी टॉवेल आला. या टॉवेलास दोन ताणे लागतात. एक ताठ आणि एक सैल. सैल ताण्याचे फांस वर उठतात आणि तेच पाणी शोषून घेतात. हा माल परदेशींही जाऊं लागला. २००५ च्या सुमारास सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंस भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली. म्हणजे हें नांव सोलापूरबाहेरच्या मालाला लावणें कायद्यानें चूक ठरलें.

जें काम पांच मोठ्या चिमण्यांस साधलें नाहीं तें शेंकडों लहान शेडांनीं साधलें, याचें कारण काय? विणकराचा कारखानदार झाला, पण तो त्याच गल्लींत राहिला. मालाचा खप घटला कीं त्याला त्याच संध्याकाळीं कळे. नवा नमुना काढायचा कीं नाहीं, हें तो स्वतः ठरवी. नफा झाला तर दुसरा माग घेई. तोटा झाला तर जागा सोडून जाण्याची सोय त्याला नव्हती. गिरणीची जी खुर्ची मुंबईस होती, ती मागाच्या बाबतींत मागाशेजारींच होती.

परंतु या चित्राला सोनेरी चौकट बसविणें अन्यायाचें होईल. हातमागाच्या काळांतच कांहीं कारखानदार मजुरास आगाऊ उचल देत आणि ती फिटेपर्यंत त्याचें कुटुंब कारखान्याच्या आवारांतच राही. यंत्रमाग आला, तरी तुकड्यावर मजुरी, लांबलचक पाळी, कानठळ्या बसविणारा आवाज आणि फुप्फुसांत जाणारा तंतु यांतून मजुराची सुटका झाली नाहीं. एका माणसाच्या मजुरींत घर चालेना, म्हणून घरच्या स्त्रिया बिड्या वळूं लागल्या. तेंदूचें पान भिजवून कापावयाचें, तंबाखू भरून वळावयाचें, दोरा बांधावयाचा आणि मोजलेल्या कट्ट्या कारखान्यांत नेऊन द्यावयाच्या. तेथें तपासणींत कांहीं बिड्या 'छाट' म्हणून बाजूला पडत आणि तेवढी मजुरी बुडे. गिरण्या बंद झाल्या तेव्हां हजारों घरांची चूल पेटती राहिली ती या स्त्रियांच्या बोटांवर. सोलापूरच्या पडत्या काळाचा इतिहास लिहितांना हें नांव सर्वांत आधीं लिहिलें पाहिजे.

याच स्त्रियांनीं पुनरुज्जीवनाचा एक धडा घालून दिला आहे. शहराजवळ कुंभारी येथें गोदावरी परुळेकर यांच्या नांवानें बिडी-कामगार स्त्रियांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि २००६ सालीं तिचीं दहा हजार घरें पुरीं होऊन ताब्यांत दिलीं गेलीं. तिच्याच पाठोपाठ असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांची रेनगर ही योजना निघाली; तींतील पंधरा हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं देण्यांत आलीं. देशांत बिडी वळणाऱ्या स्त्रीचें स्वतःच्या नांवाचें घर ही दुर्मिळ गोष्ट. ज्या शहराच्या गिरण्यांस आपल्या कामगारांसाठीं पुरेशा चाळी बांधतां आल्या नाहींत, त्या शहराच्या सर्वांत गरीब मजुरिणींनीं वर्षानुवर्षें रेटा लावून हें करून घेतलें.

आजच्या सोलापूरपुढें वाटा नाहींत असें नाहीं. शाळा, पोलीस, कारखाने यांना लागणारे गणवेश शिवण्याचा धंदा गेल्या दहा-बारा वर्षांत येथें वाढीस लागला आहे. शिलाईचें काम मागापेक्षां कमी भांडवलांत अधिक हातांस पुरतें, आणि त्यांत स्त्रियांस कारखान्यांत थेट स्थान मिळतें. २०२३ च्या फेब्रुवारींत मुंबईस जाणारी वेगवान वंदे भारत गाडी सुरूं झाली. त्याच वर्षीं जून महिन्यांत विमानांच्या मार्गांत येते म्हणून शहरालगतच्या सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी पाडण्यांत आली, आणि जून २०२५ मध्यें गोव्याकडे प्रवासी विमान जाऊं लागलें. ज्या शहरानें एके काळीं चिमण्या मोजून वैभव मोजलें, तेथें एक चिमणी विमानासाठीं पाडली गेली. कोणी यांत प्रगति पाहिली, कोणी ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचें नुकसान पाहिलें. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे.

मात्र आगगाडी आणि विमान यांनीं शहर आपोआप वर येतें, हा भ्रम सोलापूरनें तरी बाळगूं नये. १८६० च्या आगगाडीनें कापूस आणि माणसें आणलीं, त्याचप्रमाणें नफा बाहेर नेला. नवी वाटही दोन्ही दिशांनीं चालते. आज शिकलेली तरुण मंडळी पुण्याची वाट धरतात. अडीचशें किलोमीटरांचें तें अंतर कमी झालें कीं जाणें सोपें होतें, येणें सोपें होईलच असें नव्हे. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती सुमारें साडेनऊ लाख भरली. म्हणजे हें शहर परदेशांतील कांहीं मोडकळीस आलेल्या औद्योगिक शहरांप्रमाणें ओस पडलेलें नाहीं. येथील र्‍हास रिकाम्या घरांत दिसत नाहीं. तो भरल्या घरांतल्या कमी मिळकतींत दिसतो, आणि म्हणून तो बाहेरच्या माणसाच्या नजरेस चटकन येत नाहीं.

पुनरुज्जीवनासाठीं काय लागेल, हें या शहराच्या इतिहासानेंच सांगितलेलें आहे. पहिली गोष्ट पाणी. एकरूखचा तलाव झाला तेव्हां शहर वाढूं शकलें. त्यानंतर शंभर वर्षांनीं भीमेवर उजनीचें धरण झालें, १९८० सालीं तें पुरें झालें. धरण जिल्ह्यांत असूनही या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत शहरांतल्या घरांस कित्येक दिवसांच्या अंतरानें पाणी मिळत आलें. ज्या घरची स्त्री पाण्याच्या पाळीसाठीं कामावर खाडा करते, त्या घरच्या मिळकतीचा हिशेब नळापासूनच मांडावा लागतो. कापड धुण्यास व रंगविण्यासही तेंच पाणी लागतें.

दुसरी गोष्ट यंत्र. जुन्या गिरणीचा घात जुन्या सांच्यांनीं केला. आज पूर्व भागांतले पुष्कळ यंत्रमाग त्याच वाटेनें म्हातारे होत आहेत. पानिपतसारख्या ठिकाणांहून स्वस्त, हलका आणि नव्या नमुन्याचा माल येतो. त्यावर कित्येकदां सोलापूरचेंच नांव छापलेलें असतें. नांवाची नोंद कायद्याच्या पुस्तकांत आहे, पण गिऱ्हाइकाला खरें-खोटें ओळखतां आलें पाहिजे आणि खोटें विकणाऱ्यावर इलाज झाला पाहिजे. नाहींतर ती नोंद भिंतीवरच्या मानपत्रासारखी शोभेची ठरेल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मजुरी. मागवाल्याचा मुलगा मागावर बसूं इच्छीत नाहीं, हें आजच्या सोलापूरचें खरें दुखणें. बापाचें कसब मुलानें घ्यावें असें वाटत असेल, तर त्या कसबावर संसार चालला पाहिजे. दीडशें वर्षें या शहरानें स्वस्त मजुराच्या जोरावर धंदा केला. दुष्काळ होता तोंवर मजूर मिळाला, कुंपण होतें तोंवर मजूर मिळाला, उचलीचें ओझें होतें तोंवर मजूर मिळाला. आतां त्याचा मुलगा शिकला आहे आणि त्याला जाण्याची वाट मोकळी आहे. जो धंदा मजुराच्या नाइलाजावर उभा होता तो त्याच्या खुषीवर उभा करतां येतो कीं नाहीं, ही सोलापूरची खरी कसोटी आहे.

गिरण्यांच्या इतिहासानें एक गोष्ट निर्विवाद ठरविली. भिंती, बॉयलर आणि चिमणी हें शहराचें धन नव्हतें. तें विकलें गेलें, मोडलें गेलें, गंजलें. तेलंगणांतून रिकाम्या हातांनीं आलेल्या विणकराच्या बोटांत जें होतें, तेंच शंभर वर्षांनीं शहराच्या उपयोगी पडलें. तें कसब आज शेवटच्या दोन पिढ्यांच्या हातांत आहे. लक्ष्मी, विष्णु गेल्या तेव्हां सोलापूर हळहळलें, तरी जगलें. माग थांबला, तर मात्र जगविण्यासाठीं त्याच्यामागें दुसरें कांहीं उभें नाहीं.